अर्धे ताट

ताटात उष्टे टाकावयाचे नाही, उलट ताट धुऊन ते पाणीही प्यावयाचे, हा नियम आयुष्यभर पाळलेल्या आजोबांच्या ताटात एके दिवशी डाव्या बाजूची भाजी तशीच राहते. घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही घरात हे घडू शकते. भाजी आवडली नसावी, असे सुनेला वाटते. पेढीवर वहीतील उजवीकडच्या नावेच्या रकमा वाचल्या जातात, डावीकडची जमा सुटते. देरासरात शिरताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. मग घरात ‘हट्टीपणा’, ‘वय झाले’ हे शब्द फिरू लागतात.

डोळे शाबूत असतात. हरपलेले असते ते अवधान. मेंदूचा डावा गोलार्ध मुख्यतः उजव्या बाजूकडे लक्ष पुरवितो, उजवा गोलार्ध दोन्ही बाजू सांभाळतो. त्यामुळे डाव्याला इजा झाली तर उजवा बरेचसे निभावून नेतो. उजव्यालाच पक्षाघात झाला, तर डाव्या बाजूला वाली उरत नाही. रुग्णाला घड्याळ काढावयास सांगितले, तर तो १२ही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो आणि चित्र पूर्ण झाले म्हणतो.

१९७८ मध्ये इटलीतील बिसियाक व लुझ्झाती यांनी मिलानच्या अशा दोन रुग्णांना तेथील कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यांसमोर आणावयास सांगितले. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशा कल्पनेत त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. कल्पनेतच दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहताच, मघाशी गाळलेल्या इमारती उजवीकडे आल्या आणि त्यांची नावे आठवू लागली! स्मृती अखंड होती. तिच्या डाव्या अर्ध्याकडे मन वळत नव्हते.

घरच्यांची फसगत वाणीमुळे होते. बोलणे बहुधा डाव्या गोलार्धाकडे असल्याने ते स्पष्ट राहते. रुग्ण स्वतः ‘मला काही झाले नाही’ असे सांगतो आणि उपचार लांबतात. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या ४.५ तासांतच देता येते. एकाएकी डावी बाजू सुटू लागली, तर रुग्णालय त्याच क्षणी गाठावयास हवे.

पुढे सराव चालतो, तो मात्र चिकाटीचा असतो. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ओढतात आणि ती दिसेपर्यंत नजर डावीकडे नेण्यास शिकवितात. रस्ता एकट्याने ओलांडू देत नाहीत. जेवताना ताट अर्धे फिरविले, की राहिलेली भाजी उजवीकडे येते. आजोबा ती संपवितात आणि ताट धुण्यासाठी पाणी मागतात.