आख्यायिकेस आख्यायिकाच म्हणा

देवस्थानाच्या पुस्तिकेत शब्दांचा काटेकोरपणा कशास हवा, भाव असला म्हणजे झाले, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. हे म्हणणे वरवर गोड असले तरी ते भावासच घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जामसांवलीचेच उदाहरण घेऊ. पूर्वी छिंदवाडा व २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात असलेल्या या गावी पिंपळाखाली निद्रिस्त मारुतीची मूर्ती आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा सौंसरचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तरी येथील अनेकांच्या घरची भाषा मराठीच. मूर्ती पूर्वी उभी होती, खालचे धन चोरांपासून राखण्यासाठी मारुतिराय आडवे झाले, असे भाविक सांगतात. या रम्य कथेचे मराठीतील नाव आख्यायिका. मुखोमुखी चालत आलेली ती असते. सन आणि साक्षीदार ती मागत नाही. तिच्यावर ‘इतिहास’ असा मथळा घालणारा लेखक तिचा मान वाढवीत नाही, तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतो. इतिहास म्हटले की पुरावा मागण्याचा हक्क वाचकास मिळतो. मग शाळकरी मुलगा सन विचारतो, उत्तर मिळत नाही, आणि कथेबरोबर श्रद्धाही टाकून देतो. हा दोष मुलाचा नव्हे, मथळ्याचा.

कोणी पंडित म्हणेल, संस्कृतात तर बाणभट्टाचे ‘हर्षचरित’, म्हणजे एका खऱ्या राजाचे वृत्त, आख्यायिका ठरते आणि कल्पित ‘कादंबरी’ ही कथा. खरे आहे. संज्ञांचे अर्थ पालटतात, म्हणूनच त्या शिकाव्या लागतात.

दुसरी संज्ञा माहात्म्य. माहात्म्य क्षेत्राची थोरवी गाते. जमाखर्च मांडत नाही. गोमंतकीयांस परिचित असलेले सह्याद्रिखंड स्कंदपुराणाचा भाग म्हणून सांगितले जाते, डॉ. जेर्सन द कुन्हा यांनी ते १८७७ साली मुंबईस छापून प्रसिद्ध केले. परशुरामाने समुद्र हटविल्याची त्यातील कथा आमच्या समाजाच्या आत्मभानाचा ठेवा आहे. पण तिच्या आधारे कुळांचे सनवार हक्क ठरवू लागलो, की भांडणे तेवढी हाती येतात.

तिसरी आणि सर्वांत जोखमीची संज्ञा फलश्रुती. चाळीस चौपायांवरून नाव पडलेली तुलसीदासांची हनुमान चालीसा काय, समर्थांचे भीमरूपी स्तोत्र काय, दोहोंच्या अखेरीस पठणाचे फळ सांगितले आहे. मीमांसकांनी विधी आणि अर्थवाद असा भेद केला: विधी कर्तव्य सांगतो, अर्थवाद स्तुती करून त्या कर्तव्याकडे मन वळवितो. या दृष्टीने फलश्रुती ही साधकास दिलेली उमेद आहे. वैद्याची चिठ्ठी नव्हे. जामसांवलीस आजाऱ्यांना घेऊन येणारी कुटुंबेही असतात. त्यांच्या हाती फलश्रुती हमीपत्र म्हणून देणे आणि औषध थांबविण्यास त्यांना धीर देणे, हे पुण्य नव्हे. प्रार्थना करावी, आणि औषधही घ्यावे. या दोहोंत विरोध लावणारा मनुष्य स्तोत्रही जाणत नाही आणि रोगही.

हा भेद बाहेरून आलेला नाही. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान मांडणारा कीर्तनकार तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. तो आख्यान रंगवितो, पण त्याला बखर म्हणत नाही. मग छापखान्यात जाताच आमचा विवेक का सुटावा?

आमची मागणी लहान आहे. देवस्थानांच्या विश्वस्तांनी प्रत्येक पुस्तिकेत प्रकरणाच्या माथ्यावर त्याचा प्रकार छापावा: ही आख्यायिका, हे माहात्म्य, हे स्तोत्र, ही फलश्रुती, आणि जेथे कागद वा शिलालेख हाती असेल तेथेच इतिहास. एवढ्याने एकाही भाविकाची भक्ती उणी होणार नाही. उलट आपण काय वाचतो आहोत हे त्याला कळेल, आणि त्याच्या मुलाच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर असेल.