कमान तोलण्याची मजुरी कोण देणार?

आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात 'कमान कुठे मिळेल?' असे कोणाला विचारले तर तो सरळ गॅरेजचा रस्ता दाखवील. ट्रकखालचे पोलादी पाटे म्हणजे कमान, हा अर्थ इथे पक्का बसला आहे. पण फारसीतून उर्दूत आणि मराठीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्य. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांच्या कानाला रफूगर, सौदागर या शब्दांच्या रांगेत आणखी एक शब्द ओळखीचा आहे, तो म्हणजे कमानगर. कमानी बनविणारा. कच्छमध्ये हे मुस्लिम कारागीर प्रसिद्ध होते. बंदुका आल्या, कमानींची मागणी संपली, तेव्हा त्यांनी कुंचला हाती घेतला आणि कच्छच्या वाड्या-हवेल्यांच्या भिंती चितारल्या. त्या चित्रकलेला आजही कमानगरी म्हणतात. नाव टिकले, मूळ हुन्नर गेला.

हे जुन्या आठवणी काढण्यासाठी लिहिलेले नाही. गिऱ्हाईक पुन्हा दिसू लागले आहे, म्हणून लिहितो आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळविली. तेव्हापासून धनुर्विद्येच्या वर्गात मुलांना घालणारे पालक आपल्या भागातही भेटतात. त्या दोघांची धनुष्ये चाके-केबल असलेली, परदेशी बनावटीची, लाखाच्या घरातली. ते काम आपले नव्हे. पण आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाचा एक प्रकारही खेळला जातो. त्यात बांबूची किंवा लाकडाची देशी धनुष्ये चालतात, आणि शिकाऊ मुलाची सुरुवात बहुधा अशाच धनुष्यावर होते. शिवाय हौसेने लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे उलटी वळविलेली कमान, मागणारेही आहेत.

आणि आपल्याकडे हात आहेत. भोसरी, चिंचवड, आकुर्डी इथल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न बनविणारे सुतार मिलिमीटरच्याही आत काम करीत आले. आता त्यातले बरेचसे काम सीएनसी यंत्रावर होते. २००७ मध्ये आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन थांबले, २०२२ मध्ये तिथेच विजेच्या स्कूटरचा नवा कारखाना सुरू झाला. मधल्या पंधरा वर्षांत एकाच कारखान्याच्या ऑर्डरीवर जगणाऱ्या लहान वर्कशॉपवाल्यांचे काय झाले, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा पॅटर्नच्या सुताराने कमानीकडे वळावे, असे माझे मत आहे. मात्र एका अटीवर, आणि ती अट आम्हा व्यापाऱ्यांनी पाळायची आहे.

ती अट समजण्यासाठी काम समजले पाहिजे. पाहणाऱ्याला वाटते, काठी वाकविली, दोरी बांधली, झाले. तसे नाही. लाकूड निवडण्यातच निम्मे यश असते. बांबू घ्यायचा तर भरीव जातीचा, मानवेल किंवा कोकणातला माणगा. सह्याद्रीतले धामण तर लवचिकपणासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, कावडीच्या काठ्या त्याच्याच होत. संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष म्हणतात. तुतीही चांगली. कंपन्यांच्या पॅकिंगच्या पेट्यांचे पाईन लाकूड इथे ढिगाने आणि स्वस्त मिळते, पण त्याच्या गाठी आणि तुटके रेषे पाहता कमानीसाठी ते घेऊच नये. रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड हवी. निशाणाकडच्या बाजूला कमानीची पाठ म्हणतात. लाकडी कमानीत त्या पाठीवर वाढीचे एकच वर्तुळ सलग ठेवायचे, तिथे हत्यार लावायचे नाही. जे काही तासायचे ते पोटाकडून, म्हणजे तीर मारणाऱ्याच्या बाजूने.

मग खरे काम सुरू होते, ते तोल काढण्याचे. मुठीच्या वर एक पाते, खाली एक. दोन्ही सारखी वाकली पाहिजेत, आणि प्रत्येक पाते मुठीपासून टोकाकडे एकसारख्या बाकात गेले पाहिजे. पाटेवाल्याला हे चटकन कळेल. त्याचे पाटे मध्यभागी जास्त आणि टोकांकडे कमी असतात, त्यामुळे भार एका जागी न बसता पसरतो. फरक इतकाच की पोलाद गेजवर मिळते. लाकडाला गेज नाही. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात, इतकेच काय, एकाच फळीची दोन टोके सारखी नसतात. म्हणून कारागीर कमान भिंतीवरच्या खुंटीला अडकवितो, दोरी कप्पीवरून खाली घेतो, थोडी ओढतो, दूर उभा राहून बाक पाहतो. जिथे पाते ताठ दिसते तिथे पेन्सिलीने खूण करतो, कमान उतरवितो, त्या खुणेवर खरवडतो, पुन्हा चढवितो. प्रत्येक वेळी वीस-तीसदा हलकेच ओढून लाकडाला तो बदल अंगवळणी पडू देतो. जिथे आधीच जास्त वाकते तिथे हात लावत नाही, तिच्या दोन्ही बाजू उतरवितो. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त जोराने कमान कधीच ओढत नाही, नाहीतर लाकूड दबते आणि कायमचा बाक धरते.

सुरुवातीला रंधा आणि कानस चालते. शेवटी फुटक्या काचेचा तुकडा किंवा खरवडपट्टीच लागते, आणि त्याला कारण आहे. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबाने बदलतो. १२ मिलिमीटर जाडीतून १ मिलिमीटर उतरविला की त्या जागेचा जवळजवळ चौथा हिस्सा ताठपणा गेला. रुंदी कमी केली तर ताठपणा तेवढ्याच प्रमाणात घटतो, जाडीत मात्र चूक माफ होत नाही. उतरविलेले लाकूड परत चिकटविता येत नाही. कापडात चूक झाली तर रफूगर आहे, इथे कोणी नाही.

रिकर्व्हमध्ये तर आणखी कसोटी. आधी पाती जमिनीवर टेकवून दाबून साधारण सारखी वाकतील इतपत उतरवायची. मग टोके वाफेत ठेवायची, इंचभर जाडीला सुमारे एक तास, आणि गरम असतानाच लाकडी साच्यावर पुढच्या बाजूला वळवून शिकंज्यात आवळून ठेवायची. दोरी चढविली की ती या वळणावर टेकते, म्हणून ओढीच्या सुरुवातीपासूनच कमान जोर धरते, आणि पूर्ण ओढल्यावर बोटांना झटका कमी बसतो. पण वळण जरा तिरपे गेले तर पाते पिळते आणि दोरी बाजूला निसटते. तेव्हा पिळाकडे लक्ष ठेवून एका कडेचे लाकूड खरवडावे लागते, आणि ते करताना तोल बिघडू द्यायचा नाही. पावसाळ्यात हे काम घेऊच नये. आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड पाणी ओढते, कमान मऊ लागते, आणि उन्हाळ्यात तीच जास्त ताठ होते.

आता मजुरीकडे येतो. आम्हा कापडवाल्यांना नगावर आणि मीटरवर दाम देण्याची सवय. मालेगाव-भिवंडीला लूम चालतो तसे कापड निघते, मीटर मोजले की हिशेब झाला. तोच हिशेब कमानीला लावला तर काय होईल? कारागीर आकार देईल, पॉलिश मारील, आणि तोल काढण्याचे शेवटचे दोन दिवस गाळील, कारण त्या दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल असे काहीच वाढत नाही. उलट लाकूड कमी होते! दुकानात तोल काढलेली आणि न काढलेली कमान सारखीच दिसते. फरक कळतो तो मैदानावर, एखाद्या बारा वर्षांच्या मुलाच्या गालाजवळ ती मोडते तेव्हा. म्हणून मी म्हणतो की तोल काढण्याची मजुरी वेगळी आणि रोजावर द्यावी. जी कमान तोल काढताना मोडली तिचा खर्च व्यापाऱ्याने आपल्या खाती घ्यावा. कारागिराला मोडण्याची भीती राहिली की तो कमान जाड ठेवतो, आणि जाड कमान मुलाच्या हाताला काय कामाची?

व्यापाऱ्याचे कर्तव्य इथेच संपत नाही. कमानीवर ओढीचे खरे वजन लिहावे, आणि ते किती इंच ओढीला आहे तेही. २८ इंचांवर २५ पौंड असलेली कमान २४ इंचांवर तेवढी नसते. लहान मुलाला १० ते १५ पौंडच पुरे. केवळ शोभेची वस्तू असेल तर तसे स्पष्ट लिहून विकावी. हेही माप-तोलच आहे, कमी भरलेल्या गजाहून हे वेगळे नाही.

दोरीबद्दल मात्र कापडवाला म्हणून दोन शब्द बोलतो. लाकडी कमानीला डॅक्रॉनची दोरी लावावी. डॅक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच, त्यात थोडी ताण खाण्याची ताकद असते. स्पर्धेच्या नव्या धनुष्यांसाठी येणारे न ताणले जाणारे धागे लावले तर प्रत्येक तिराचा झटका सरळ लाकडाच्या टोकांवर येतो आणि ती फुटतात. धागा महाग म्हणून चांगला, ही समजूत इथे चालत नाही.

मालाची अडचण आहे, पण मोठी नाही. २०१७ मध्ये वनकायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हा शेतातला बांबू घेणे सोपे झाले आहे. धामणीसारखे लाकूड कागदपत्रे असलेल्या वखारीतूनच घ्यावे, दोन पैशांसाठी चोरटा माल घेऊ नये.

काही मित्र म्हणतात, फायबरची तयार धनुष्ये स्वस्तात येतात, सुताराची कोण घेणार? किमतीत त्यांच्याशी स्पर्धा करू नये, हे खरेच आहे. पण ती धनुष्ये ठराविक वजनांत येतात, मूल मात्र दर वर्षी वाढते. जवळच बसलेला कारागीर त्याच मुलाची कमान हाताला जड झाली तर उतरवून देईल, पाते पिळले तर सुधारील, आणि दोन वर्षांनी पुढची कमान बनवील. हे गिऱ्हाईक टिकणारे आहे. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव भागात भिल्ल समाजाचे लोक बांबूची कमान आणि बांबूच्याच कामटीची दोरी आजही हाताने करतात. पॅटर्नच्या ज्या सुताराला यात पडायचे असेल त्याने आधी महिनाभर तिकडे जाऊन एखाद्या उस्तादाजवळ बसावे. जाण्या-येण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च, पुढे त्याचा माल उचलू इच्छिणाऱ्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी मिळून करावा. पावसाळा संपताच हे सुरू झाले तर हिवाळाभर सुके लाकूड हाती राहील.