आमचे ग्रंथ कोणी छापावेत?

१९५६ च्या सप्टेंबरात, धर्मांतर अवघ्या एका महिन्यावर आले असता, पूज्य बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंस पत्र लिहिले. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या ५०० प्रती सरकारने विकत घ्याव्यात, एवढीच त्यांची विनंती होती. ते वर्ष महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या स्मृतीचे; सरकार उत्सवात गुंतलेले. राखून ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले! ग्रंथ निघाला तो १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात, त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ कॉलेजतर्फे.

आज परिस्थिती पालटली आहे, हे मान्य केले पाहिजे. बाबूराव बागुलांचा पहिला कथासंग्रह १९६३ साली आणि दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली निघाले. त्यानंतर मराठी प्रकाशकांस आपल्या लेखणीचे वावडे उरले नाही. परंतु ते मागतात काय? जखम मागतात. गावकुसाबाहेरची झोपडी, मेलेले ढोर, शिवी आणि उपासमार असली की हस्तलिखित अस्सल ठरते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात देव्हारा उतरल्यावर त्या कोनाड्यात काय ठेवले गेले, सासूबाईंनी वर्षानुवर्षांचा उपवास कसा सोडला, निरनिराळ्या जातींतून धम्मात आलेल्या दोन कुटुंबांत सोयरीक जुळताना पूर्वीच्या जातीची चौकशी प्रथम कोणी केली, हे त्यांस साहित्यच वाटत नाही. आमचे दुःख छापावयाचे आणि आमचे परिवर्तन वगळावयाचे, ही कसली दखल?

तथापि सारा दोष प्रकाशकांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमचं' घरच्यांपासून लपवून लिहिले. ग्रंथरूपाने ते १९८६ साली आले. आजही आपल्या एखाद्या घरातील सून वही धान्याच्या डब्यामागे सारीत असेल, तर त्यास कोणता प्रकाशक जबाबदार आहे?

दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ घेतात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण नव्या लेखकाचे पुस्तक चाळून पुन्हा ठेवले जाते. एकेका विहाराने वर्षाकाठी अशा एका पुस्तकाच्या १०० प्रती आगाऊ मूल्य देऊन घ्याव्यात; पाच विहारांच्या ५०० होतात. हिशेब पौर्णिमेच्या सभेत मांडावा, आणि लेखिकेस मानधन रोख द्यावे. शाल व नारळ मात्र नकोत. ती पद्धत आपण मागेच सोडली आहे.