देवमाशाची चरबी आणि पैनगंगेकाठचे दूध

१९८२ साली कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाजवळ बेलुगा जातीचा मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला. तो उघडून पाहणाऱ्यांपैकी एक, दानिएल मार्तिनो, आपल्याच पेशातले होते, पशुवैद्यक. तेव्हापासून तिथे एक शिस्त पडली. किनाऱ्याला लागलेला बेलुगा पशुवैद्यक महाविद्यालयात न्यायचा, नीट शवविच्छेदन करायचे आणि चरबीचा तुकडा नोंद करून गोठवून ठेवायचा.

या चिकाटीचे फळ मोठे आहे. पीसीबी हे औद्योगिक रसायन आणि डीडीटी हे कीटकनाशक बंदीनंतर हळूहळू उतरत गेले, हे या चरबीतून दिसले. त्याच चरबीत नव्वदच्या दशकात फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधली आगरोधक ब्रोमीनयुक्त रसायने झपाट्याने वाढताना सापडली. १९८३ ते २०१२ या काळात दोनशेहून अधिक बेलुगा तपासले गेले. कर्करोग झालेल्यांत १९७१ नंतर जन्मलेला एकही नव्हता. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांतून आणि इतर उद्योगांतून नदीत येणारे विष कमी झाल्याचा हा परिणाम असावा, असे संशोधक मानतात. हा उतार एका नमुन्यात दिसत नाही. तो दिसला, कारण दर वर्षीचा नमुना शिल्लक होता.

स्कॉटलंडच्या टायरी बेटावर २०१६ च्या जानेवारीत ‘लुलू’ नावाची किलर व्हेल मेलेली सापडली. तिच्या चरबीत दर किलोला ९५७ मिलिग्रॅम पीसीबी निघाले. वय वीसच्या पुढे, पण तिला एकदाही पिल्लू झालेले नव्हते. नराच्या अंगात हे विष आयुष्यभर साठत जाते. मादीचे मात्र विताबरोबर उतरते, कारण चरबीत विरघळणारे रसायन दुधावाटे पिल्लात जाते आणि पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. कॅलिफोर्नियाजवळ २००७ साली जहाजाच्या धडकेने मेलेल्या नर निळ्या देवमाशाच्या कानातला मळाचा गोळा संशोधकांनी तपासला. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या त्या गोळ्यात सहा-सहा महिन्यांचा एकेक थर होता, आणि एकेक थर सोलून मोजता आला. त्याच्या बारा वर्षांच्या आयुष्यात अंगात गेलेल्या क्लोरीनयुक्त विषापैकी सुमारे पाचवा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांतच, म्हणजे आईच्या दुधातून, आला होता.

माहूर-किनवटच्या पशुवैद्यकाने हे का वाचावे? चरबीचे रसायनशास्त्र देवमाशात आणि म्हशीत एकच आहे, म्हणून. पहिलारू म्हैस आणि पाचव्या वितातली म्हैस यांच्या दुधातला अवशेष सारखा असेल असे धरून चालणे ही शास्त्रीय चूक आहे, आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर वेत लिहिले नसेल तर ती पुढे दुरुस्त करता येत नाही.

आपल्याकडचा एक जुना आकडा सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बारा राज्यांतले गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने होते. सुमारे ८२ टक्क्यांत डीडीटी सापडले. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सर्वांत जास्त, ७४ टक्के होते. शेतीत डीडीटी वापरायला १९८९ पासून बंदी आहे. बीएचसी १९९७ मध्ये गेले, एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मे महिन्यात बंदी घातली. या बंद्यांचा माहूरच्या दुधावर काय परिणाम झाला, हे दाखवायला त्याच गावांतली, त्याच पद्धतीने मोजलेली, वर्षानुवर्षांची चरबी लागते. देवमाशाची चरबी जपली गेली आणि रोज घरात येणारे दूध जपले जात नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

पैनगंगा इथून वर्धेला मिळते, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. त्या उपसागरात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तपासलेल्या डॉल्फिनांच्या चरबीत सर्वांत जास्त प्रमाण डीडीटीचेच होते. कोणत्या गावातले विष तिथे पोचले हे कोणी सांगू शकणार नाही. पण आपले पाणी तिकडेच जाते.

आजची फवारणी बहुतांशी वेगळ्या औषधांची आहे. ऑरगॅनोफॉस्फेटची जात चरबीत फारशी टिकत नाही, तिची विषबाधा आपण ॲट्रोपिन हातात घेऊन पाहतो. नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली माणसांतही ती पाहिली. देवमाशांत हे विष मोडणारे पीओएन१ हे जनुक निकामी झाले आहे, असे २०१८ मध्ये दाखवले गेले. म्हणजे चरबीत न टिकणारे औषधही त्यांच्यासाठी निर्धोक नाही.

पीसीबीचा वापर पूर्ण थांबवण्यासाठी केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरवली. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात ते असू शकते, आणि गळक्या डीपीखालचे गवत गुरे खातातच. बंदीने काय साधले हे दहा वर्षांनी विचारायचे असेल तर तुलनेचा नमुना आत्ताच घ्यायला हवा.

विम्याच्या दाव्यासाठी आपण शवविच्छेदन करतो, अहवाल लिहितो आणि जनावर पुरतो. त्याच वेळी वृक्काभोवतीची पन्नास ग्रॅम चरबी काढून ठेवायला पाच मिनिटे लागतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, कारण पिशवीतलेच रसायन चरबीत उतरते. काचेची स्वच्छ बाटली किंवा ॲल्युमिनियमची फॉइल घ्यावी आणि उणे वीस अंशांवर ठेवावी. चिठ्ठीवर गाव, वय, वेत, चारा आणि तारीख पेन्सिलीने लिहावी. उदगीर आणि परभणीच्या महाविद्यालयांनी यासाठी एकेक फ्रीझर राखून ठेवावा, आणि तालुक्यातून नमुना पोचवण्याचा खर्च पशुसंवर्धन विभागाने उचलावा. माहूर, किनवट आणि हिमायतनगरच्या सहकाऱ्यांनी कापसावरची पुढची फवारणी सुरू होण्याआधी पहिले नमुने घ्यावेत.