अंतराळ स्थानक : मंजुरीनंतर कसोटी जोडणीची

बंगळुरू - भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या कक्षास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. हा कक्ष २०२८ पर्यंत प्रक्षेपित करण्याचे, तर पाच कक्षांचे संपूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे इस्रोचे उद्दिष्ट आहे.

प्रत्येक कक्ष स्वतंत्रपणे पाठवून अंतराळातच जोडावा लागणार आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’ मोहिमेत सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह जोडून भारत हे तंत्र साधणारा चौथा देश ठरला. मात्र स्थानकाच्या पहिल्याच कक्षाचे नियोजित वजन सुमारे १० टन आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक २०३० नंतर निवृत्त करण्याची योजना आहे. त्यामुळे भारतीय स्थानकास विलंब झाल्यास भारतीय अंतराळवीरांना प्रयोगांसाठी परक्या स्थानकांवरच अवलंबून राहावे लागेल.