पाठवणाऱ्यांचं ऋण

सिंथिया फरार हे नाव आमच्या दापोरा गावात फारसं कुणाला ठाऊक नाही. सावित्रीबाई फुल्यांचं नाव मात्र शाळकरी पोरींच्याही तोंडी असतं. या फरारबाई 1827 च्या अखेरीस अमेरिकेतून मुंबईत उतरल्या. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही, सोबत घरचं कुणी नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा सांभाळायला त्या आल्या. मुंबईत, मग अहमदनगरला, 1862 मध्ये नगरलाच देह ठेवीपर्यंत त्या हेच काम करत राहिल्या. मधे एकदाच मायदेशी जाऊन आल्या. सावित्रीबाईंचे पती जोतीराव यांनी नगरच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि 1848 मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे गिरवले, असं सावित्रीबाईंचे चरित्रकार सांगतात.

मिशनरींच्या धर्मप्रसाराबद्दल आपल्याकडे वाद आहेत, ते राहोत. पण पोरींच्या हाती पाटी देणाऱ्या या बाईचे उपकार मी मानतो, अगदी मनापासून.

उपकार मानताना मला सारखी तिच्या घरच्यांची आठवण येते. न्यू हॅम्पशरमधलं मार्लबरो हे तिचं गाव. शिडाच्या जहाजांचा तो काळ. पत्र आफ्रिकेला वळसा घालून यायचं, चार-पाच महिने लागायचे. खुशाली विचारली तर उत्तराला वर्ष उलटायचं. तोवर विचारणारं माणूस असेल की नाही, याची खात्री नाही. याच मिशनचे गॉर्डन हॉल बघा. 1825 मध्ये त्यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, हे कामासाठी मागे राहिले. पुढच्याच मार्चमध्ये नाशिकच्या बाजूच्या दौऱ्यात पटकीने गेले. ती बातमी बायकोपर्यंत पोचायला किती महिने गेले असतील! तेवढे दिवस ती माउली त्यांच्या पत्राची वाट बघत बसली असणार.

जे आले त्यांची नावं इतिहासात आली. ज्यांनी त्यांना जाऊ दिलं, त्यांना कोण विचारतं?

हे मला सुचलं ते वहिनीमुळे. तिची लेक, म्हणजे माझी पुतणी, कुवेतला नर्स आहे. ती धर्म सांगायला गेलेली नाही, पोटापाण्यासाठी गेली आहे. पण परक्या मुलखात कुणाच्या तरी आजारी आईची पाठ पुसते, ही सेवाच की. रावेरकडचं कुणी तिकडे निघालं की वहिनी डबा भरायला बसते. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, एकेक हातात घेऊन उजेडाला धरून बघते. तडा गेलेली बाजूला, अख्खी डब्यात, प्रत्येक थरामध्ये वर्तमानपत्राचा कागद. मोडक्या आम्ही खातो. रात्री फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, “जेवली का गं माय?” पोरगी “हो” म्हणते. खरं-खोटं वहिनीला आवाजावरून कळतं, तरी ती पुढे विचारत नाही. पोरीला तिथं राहायचंय, हे तिला समजतं.

केळीच्या बागांत घड कापायला माणूस मिळत नाही म्हणून भाऊ कुरकुरतो, पण “पोरगी परत आण” असं या घरात कुणी म्हटलेलं नाही. हे सोपं नसतं. कुवेतच्या त्या दवाखान्यातल्या म्हातारीला वहिनीचं नावही ठाऊक असायचं कारण नाही. तरी तिच्या उशाशी बसलेल्या हातांत वहिनीचा वाटा आहेच.

येत्या 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेत चार शब्द बोलायला मला सांगितलंय. फरारबाईंबद्दल बोलणार आहे. गुरुजींना एक विनंतीही केली आहे : ज्यांच्या लेकी शिकून बाहेरगावी, परदेशी गेल्या, त्या आयांना बोलवा आणि पुढच्या रांगेत, सरपंचांच्या शेजारी बसवा. वहिनी म्हणते, “मी येऊन काय बोलू?” बोलायचं काही नाही वहिनी, नारळ आणि शाल घ्यायची.