घास कुणाचा?

गेल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. लेकीच्या (वय : पाऊण वर्ष) पुढ्यात नेहमीप्रमाणे लाल भोपळ्याच्या दोन वाफवलेल्या फोडी, बटाट्याची एक फोड आणि इडलीचा लांबट तुकडा ठेवला होता. बाईसाहेबांनी एक फोड चुरगळली, एक चोखली, एक केसांना लावली. आणि अपेक्षेप्रमाणे सुरुवात झाली. "अगं, भरव की तिला!" "दात कुठे आहेत तिला?" "मिक्सर बिघडलाय का तुमच्याकडे?"

पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. आज बोलते. काकू, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका, पण शेवटपर्यंत वाचा!

पहिली गोष्ट म्हणजे, हे 'परदेशी फॅड' नाही. नाव परदेशी आहे, मान्य. जिल रॅपली या ब्रिटिश बाईंनी ट्रेसी मर्केट यांच्याबरोबर २००८ साली यावर पुस्तक लिहिलं आणि 'बेबी-लेड वीनिंग' हा शब्द सगळीकडे झाला. पण आमच्या पणजीकडे कुठला आला होता मिक्सर? चुलीपुढे बसलेल्या पोराच्या हातात भाकरीचा तुकडा आणि ताटलीत बोटांनी कालवलेला भात. मिक्सरमधून काढलेली गुळगुळीत पेस्ट हीच खरी नवी गोष्ट आहे.

आणि ती पेस्ट आली त्याला कारण होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वरचं अन्न सुरू करायची पद्धत होती. त्या वयाचं मूल बसत नाही, त्याला धरता येत नाही, मग पातळ करून चमच्याने घालण्यावाचून इलाज काय? पण २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते आहे की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. सहा महिन्यांनंतर बाळ आधाराने ताठ बसायला लागतं, मान सावरतं, दिसेल ती वस्तू मुठीत धरून तोंडात घालतं. किल्ल्या चालतात, रिमोट चालतो, फक्त भोपळा चालत नाही?!

आता मुख्य भीती. "घशात अडकलं म्हणजे?"

ही भीती मलाही होती, आहे. पहिल्याच आठवड्यात तिला जोराचा उमाळा आला, चेहरा लालबुंद, आणि माझे हातपाय गार पडले. तिने खोकून तुकडा बाहेर काढला आणि परत तोच उचलला! उमाळा म्हणजे गुदमरणं नव्हे. उमाळ्यात आवाज येतो, मूल खोकतं. खरं गुदमरणं बऱ्याचदा मुकं असतं. तेव्हा काय करायचं (बाळाला उपडं धरून पाठीवर पाच थापा, मग छातीवर पाच दाब) हे नवरा आणि मी दोघेही रीतसर शिकून आलो. चमच्याने भरवणाऱ्यांनीसुद्धा शिकावं. न्यूझीलंडमध्ये २०६ बाळांचा अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. योग्य सल्ला घेऊन हाताने खाणारी बाळं चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा गुदमरली नाहीत. पण दोन्ही गटांतल्या अनेक बाळांना धोक्याचे पदार्थ दिले गेले होते, हेही त्यातच दिसलं. म्हणजे प्रश्न कोण भरवतं हा नाही, ताटलीत काय आहे हा आहे. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, लाह्या, कच्चं गाजर, कच्चं सफरचंद आमच्याकडे बंद. दोन बोटांत सहज चिरडेल तेवढंच मऊ द्यायचं, तिच्यापुरतं बिनमिठाचं, आणि ती खात असताना कुणीही उठून जायचं नाही.

या पद्धतीचे जे कट्टर भक्त आहेत, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. चमचा हातात घेतला म्हणजे पाप झालं असं वागणारे, आणि ब्रोकोली-अ‍ॅव्होकाडोशिवाय बाळ वाढतच नाही असं मानणारे! अशी मुलं लठ्ठ होत नाहीत हा दावाही त्याच न्यूझीलंडच्या अभ्यासात (२०१७) टिकला नाही. सहा महिन्यांनंतर लोह कमी पडू शकतं, नुसत्या काकडीवर भागत नाही. म्हणून आमच्याकडे घट्ट वरण असतं, अंडं असतं, नाचणीची खीर असते. खिरीचा चमचा मी भरते. तोंडात तो ती घालते.

मग एवढा अट्टहास कशासाठी?

माझ्यासाठी. लहानपणी मला गाल दाबून, नाक धरून भरवलं गेलं. प्रेमानेच. काऊ-चिऊच्या नावाने, मग बागुलबुवाच्या नावाने. त्याचा परिणाम असा की पोट भरलंय हे मला अजून ताटाकडे बघून कळतं, पोटाकडे बघून नाही. ताट रिकामं होईपर्यंत मला थांबता येत नाही. हल्ली बागुलबुवाच्या जागी मोबाईल आलाय. मूल व्हिडिओ बघतं, तोंड आपोआप उघडतं. आपण काय खाल्लं हेसुद्धा त्याला कळत नाही. हे मला माझ्या मुलीला द्यायचं नाहीये. काय शिजवायचं ते मी ठरवीन, किती खायचं ते ती ठरवेल. तिने मान फिरवली की जेवण संपलं.

सासूबाईंना हे सुरुवातीला फार लागलं. तीन मुलं वाढवलेल्या बाईला "भरवू नका" म्हणणं म्हणजे "माया करू नका" म्हणण्यासारखंच आहे, हे मला उशिरा कळलं. चुकलंच माझं. आता जेवताना त्या तिच्या शेजारी स्वतःचं ताट घेऊन बसतात. परवा कन्येने मुठीतला भोपळ्याचा लगदा त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांनी खाल्ला. काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून भोपळा त्याच वाफवतात.

तर काकू, पुढच्या रविवारी पुन्हा या. तिच्यासमोर बसा, हात मांडीवर ठेवा, आणि फक्त दहा मिनिटं काही करू नका. अवघड आहे, मला माहीत आहे. फरशी मी पुसून घेईन.